घरातलं काळजीवाहू सरकार

प्रत्येक मराठी घरात काळजीचं खातं एकाच माणसाकडे असतं. त्यासाठी निवडणूक होत नाही, शपथविधी होत नाही, मानधन तर नाहीच. बाकीची मंडळी जेवतात, झोपतात, नाटकाला जातात; आणि हा एक माणूस सगळ्यांच्या वतीने ‘पुढे कसं होणार’ याचा घोर लावून घेऊन बसतो. दिल्लीत किंवा मुंबईत काळजीवाहू सरकार आलं, की त्याने मोठे निर्णय घेऊ नयेत, नुसता रोजचा गाडा हाकावा, असा संकेत आहे. घरातल्या काळजीवाहू सरकारला असले संकेत लागू नाहीत. आमच्या घराण्यात गिरगावातली खोली सोडून डोंबिवलीला जायचं की नाही, मुलाने सायन्स घ्यायचं की कॉमर्स, मुलीला चिपळूणचं स्थळ बघायचं की कऱ्हाडचं, हे सगळे निर्णय काळजीनेच घेतलेले आहेत. (चिपळूणचं स्थळ नाकारलं. वाशिष्ठीला पूर येतो म्हणून. कऱ्हाडला दोन नद्या आहेत, हे लग्नपत्रिका छापून झाल्यावर लक्षात आलं.)

आमच्याकडे हे खातं आत्याकडे आहे. आजी गेल्यावर ते तिच्याकडे आलं. आजीने चार्ज नीट देऊन ठेवला असणार, कारण एकही काळजी मधल्या मध्ये गहाळ झाली नाही. आत्याने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण खातं सोडायचं नाव नाही. सोडणार तरी कोणाकडे? आमच्या पिढीकडे बघून तिला त्याचीही काळजी वाटते.

आत्याची प्रवासाची बॅग उघडली की पुढे काय काय होऊ शकतं याचा अंदाज येतो. कपडे दोन-तीनच. बाकी सगळं ‘लागलंच तर’. टॉर्च, टॉर्चचे सेल, सुई-दोरा, लहानमोठ्या सेफ्टी पिना एका मोठ्या पिनेत ओवलेल्या, सुंठीची पूड, ओवा, लिमलेटच्या गोळ्या, जुनी वर्तमानपत्रं, घडी घालून गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आधार कार्डाच्या झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्स भिजल्या तर म्हणून लॅमिनेट केलेली आणखी एक. तळाशी सुतळीचं बंडल. सुतळी कशाला, असं मी एकदा विचारलं.

“लागली तर असावी.”

“पण कशाला लागेल?”

“ते लागल्यावर कळेल.”

यावर बोलण्यासारखं काही राहत नाही.

घराबाहेर पडण्याचा विधी तर तिचा बघण्यासारखा असतो. आधी गॅस. शेगडीचे दोन्ही नॉब, मग सिलिंडरचा रेग्युलेटर. हाताने फिरवून बघायचं, मग वाकून डोळ्याने बघायचं, मग दुसऱ्या कोणाला तरी बघायला लावायचं. नंतर गिझर, नंतर नळ, नंतर देवापुढची निरांजनं. मग कुलूप. कुलूप लावल्यावर ती त्याला लोंबकळून बघते. चोर काय ओढेल असं ती ओढते. इतकी वर्षं त्या कडीला सर्वांत जास्त धोका चोरापासून नसून आत्यापासूनच होता. एवढं करून आम्ही जिना उतरून नाक्यावर आलो, की ती थांबायची. सगळ्यांना कळायचं. आतोबा न बोलता तिच्या हातातली किल्ली घ्यायचे आणि परत वर जायचे.

मोबाइल आल्यावर आतेभावाने तिला युक्ती सुचवली: गॅस बंद केलास की फोटो काढून ठेव, शंका आली की बघ. आत्याला हे फारच पटलं. आता तिच्या मोबाइलमध्ये नातवंडांचे फोटो कमी आणि बंद रेग्युलेटरचे जास्त आहेत. एकदा कोकणात जाताना गाडी पनवेलच्या पुढे गेल्यावर तिने फोन काढला, फोटो पाहिला, रेग्युलेटर बंद. समाधानाने फोन पर्समध्ये ठेवता ठेवता तिच्या मनात आलं, की हा फोटो आजचा आहे की मागच्या गणपतीतला? मागच्या गणपतीतलाच निघाला. मग शेजाऱ्यांना फोन, शेजाऱ्यांकडे दुसरी किल्ली, शेजारी कामावर, शेजारीणबाईंचे वडील येऊन बघून गेले. गॅस बंदच होता. पण तेव्हापासून ती त्या दिवसाचं वर्तमानपत्र सिलिंडरला टेकवून फोटो काढते. अपहरण केलेल्या माणसाचा काढतात तसा.

कोकणातल्या गणपतीचं आरक्षण हा तिच्या वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. २०१५ पासून रेल्वेचं तिकीट १२० दिवस आधी काढता यायचं. म्हणजे गणपती भाद्रपदात आणि धाकधूक वैशाखापासून. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने ही मुदत ६० दिवसांवर आणली. लोकांना वाटलं सोय झाली. आत्याला ती कपात वाटली. “साठ दिवसांत कशी उरकायची सगळी काळजी?” असं ती खरोखरच म्हणाली. तिकीट प्रतीक्षायादीत आलं की तिच्या अंगात चैतन्य येतं. यादी एकेका अंकाने पुढे सरकताना रोज बघायची. आरएसी झालं, की ज्या अनोळखी माणसाबरोबर बाजूच्या खालच्या बर्थवर बसायचं तो कसा असेल याची सुरुवात. कन्फर्म झालं, की ती दोन दिवस गप्प गप्प असते. मग तिला आठवतं, की गाडी चुकू शकते. सकाळची गाडी ठाण्याहून पकडायची, तर आत्या फलाटावर चहावाल्याच्या आधी हजर. तिथे पोचलं की बाकावर बसून ती म्हणते, “चला, आता गाडी लेट झाली तरी हरकत नाही.”

मला फार दिवसांच्या निरीक्षणानंतर असं वाटायला लागलं आहे, की काळज्यांचीही एक प्रतीक्षायादी असते. वरची एक काळजी कन्फर्म झाली किंवा कॅन्सल झाली, की खालची आपोआप वर सरकते. यादी रिकामी झाल्याचं आमच्या घराण्याच्या इतिहासात नमूद नाही.

यात एक मोठी अडचण आहे. काळजी करायची, पण तोंडाने बोलायची नाही. कारण वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. घरात कोणी वाकडं बोललं, की “शुभ बोल नाऱ्या” म्हणून ओरडणारी पहिली व्यक्ती आत्याच, आणि मनातल्या मनात ते वाकडं सकाळपासून अकरा वेळा बोलून झालेलीही आत्याच. त्यामुळे ती ‘तसलं काही’, ‘बरंवाईट’, ‘नको तो प्रसंग’ अशा सांकेतिक भाषेत बोलते. वास्तुपुरुष पुरावा मागणारा असावा. नेमकं काय ते सांगितल्याशिवाय तो तथास्तु म्हणत नाही.

वास्तुपुरुषासमोर उघडपणे अभद्र बोलायची परवानगी फक्त एका माणसाला होती: विमा एजंटाला. सरकारने १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन केलं आणि दोनशेहून जास्त विमा कंपन्या नि सोसायट्या त्यात विलीन केल्या. काळजीचं राष्ट्रीयीकरणच झालं म्हणा. तेव्हापासून मध्यमवर्गीय दिवाणखान्यात रविवारी सकाळी एक गृहस्थ येऊन बसू लागले. ते पोहे खायचे, वर ओलं खोबरं मागून घ्यायचे, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाकडे चमचा रोखून म्हणायचे, “देव न करो, पण समजा उद्या साहेबांना काही झालंच...” दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर आत्याने त्याला जिना दाखवला असता. एजंटाला तिने चहा दिला. तिच्या मनातलं मोठ्याने बोलणारा पहिला माणूस तिला भेटला होता. आतोबांच्या नावावर किती पॉलिसी आहेत हे आतोबांनाही ठाऊक नाही.

मग साडेसाती. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत तो अडीच वर्षांच्या आसपास. आपल्या चंद्रराशीच्या आधीची, आपली आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात. आता हिशेब करा: बारापैकी तीन राशींना साडेसाती कायम चालूच. पृथ्वीवरच्या आठशे कोटींपैकी दोनशे कोटी माणसं या क्षणी साडेसातीत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना ही बातमी अजून पोचलेली नाही. ब्राझीलमध्ये कोणाची तरी गाडी बंद पडते, पोरगं नापास होतं, बॉस खेकसतो, आणि तो बिचारा इंजिनाला, पोराला आणि बॉसला दोष देत बसतो. आत्याची रास मेष. शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत गेला आणि तिची सुरू झाली. मला वाटलं ती खचेल. उलट तिचा चेहरा उजळला. इतके दिवस नुसतंच काहीतरी होणार असं वाटत होतं, आता त्याला तारीख मिळाली.

साहजिकच शनिशिंगणापूरला जाणं आलं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नेवासे तालुक्यातलं हे गाव. तिथल्या घरांना परंपरेने दारं नाहीत, कुलपं नाहीत, राखण शनिदेवाची. २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली होती. आत्या डोंबिवलीच्या घराला कुलपं लावून, त्यांना लोंबकळून, त्यांचे फोटो काढून या गावी गेली. दर्शन झालं, तेल वाहून झालं. पण तिचं लक्ष देवापेक्षा घरांकडे जास्त. बिनदाराच्या एका घरापुढे एक बाई धान्य निवडत बसली होती. आत्या तिच्याशेजारी टेकली, मूठभर गहू पुढ्यात ओढून निवडायला लागली आणि हळूच विषयाला हात घातला.

“रात्री भीती नाही वाटत?”

“कशाची? देव आहे की.”

“ते खरं हो. पण कुत्रंबित्रं?”

“कुत्र्याला फळी लावतो ना आडवी.”

आत्या जी खूश झाली म्हणता! परतीच्या वाटेवर घोडेगावपर्यंत तिने तो विषय सोडला नाही. “म्हणजे बघा, चोराची काळजी देवावर टाकली, पण कुत्र्याची स्वतःकडे ठेवलीच. सगळी कोणी देत नाही.”

आत्याला कोणी ‘उगाच काळजी करतेस, काही झालं का?’ असं विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं असतं. “काळजी केली म्हणूनच नाही झालं.” या वाक्याला तोड नाही. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रयत्न करून बघावा. आणि हे वाक्य आत्याचं एकटीचं नाही, आपल्या सबंध देशाने ते मोठ्या प्रमाणावर वापरून बघितलं आहे.

फेब्रुवारी १९६२ मधली अष्टग्रही अजून आठवणारी माणसं आहेत. ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठजण मकर राशीत एकत्र जमणार होते. आठ ग्रह एका राशीत म्हणजे गिरगावातल्या आमच्या खोलीसारखी परिस्थिती, भांडण होणारच. जगबुडी ठरली. देशभर यज्ञ झाले, मणांनी तूप जळलं. आत्या तेव्हा शाळकरी होती. ती सांगते, आजोबांनी यज्ञाला सव्वा रुपया वर्गणी दिली, आणि त्याच संध्याकाळी आजीने लिंबाचं लोणचं घातलं. आजोबा म्हणाले, अगं जग बुडणार आहे. आजी म्हणाली, बुडालं तर बुडालं, नाही बुडालं तर मे महिन्यात मुरलेलं हवं.

ते तीन दिवस आले आणि गेले. आमच्या चाळीत दूधसुद्धा उतू गेलं नाही. यज्ञ करणारे म्हणाले, यज्ञामुळे टळलं. आता गंमत अशी, की त्याच्या आदल्या पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटून निम्मं पुणं चिखलात गेलं होतं, आणि अष्टग्रही टळल्यावर आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनने हल्ला केला. या दोन्हींसाठी कोणी यज्ञ केला नव्हता. ग्रहांनीही पूर्वसूचना दिली नव्हती.

पुढचा प्रयोग १९७९ चा. अमेरिकेने सोडलेली स्कायलॅब नावाची सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा आकाशातून पडणार होती, आणि कुठे पडेल ते सोडणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. आपल्याला यात शंका नव्हती. एवढी मोठी पृथ्वी असली तरी वस्तू आपल्याच अंगणात पडणार. आत्या तेव्हा तरुण आई होती, काळजीचा ऐन बहर. आतेभाऊ नुकताच शाळेत जाऊ लागला होता. शाळेत जाता-येता दप्तर डोक्यावर धरायचं अशी त्याला सक्त ताकीद होती. सत्त्याहत्तर टन लोखंड वरून आणि खाली दप्तर. त्यात पत्र्याचा डबा आहे ना, असं तिचं म्हणणं. ११ जुलैला स्कायलॅब पडली ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास. त्या गावच्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोठावला. नासाने तो भरला नाही. तीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. म्हणजे त्यांच्याकडेही शेवटी वर्गणीच. इकडे आपण सगळे माना वर करून बघत होतो, आणि चारच दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. आकाशातून काही पडलं नाही, दिल्लीत सरकार मात्र पडलं. नंतर चरणसिंगांचं आलं आणि तेही महिनाभरात राजीनामा देऊन जानेवारीपर्यंत काळजीवाहू म्हणून राहिलं. आत्याला ते सरकार फार आवडायचं.

या सगळ्या मोठ्या धास्त्यांत मला एकच खरी वाटते, ती वायटूकेची. जुन्या संगणकांत साल दोन आकड्यांत लिहायची पद्धत होती, त्यामुळे ‘९९’ नंतर ‘००’ आलं की यंत्रं त्याला १९०० समजतील, आणि बँका, विमानं, वीज सगळीकडे गोंधळ होईल. आतेभाऊ तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. त्याच्यासारखी हजारो मुलं, मुंबई-पुण्याची, बंगळूरची, हैदराबादची, दोन-तीन वर्षं रात्रंदिवस लोकांच्या जुन्या कोबॉल प्रोग्रामांतले सालांचे आकडे शोधून शोधून दुरुस्त करत होती. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र त्याने कंपनीत काढली. सगळं जग नाचत होतं आणि ही मंडळी पडद्याकडे डोळे लावून बारा वाजायची वाट बघत होती. बारा वाजले. एखाद-दुसरी फुटकळ चूक सोडली तर काही झालं नाही.

सकाळी तो तारवटलेल्या डोळ्यांनी घरी आला. माझे वडील पेपर वाचत बसले होते. म्हणाले, “काय रे, एवढा गाजावाजा केलात, झालं तर काहीच नाही.” शेजारचे काका म्हणाले, “सगळं पैसे काढायचं अमेरिकेचं नाटक.” तो काही बोलला नाही. कष्ट केले म्हणून काही घडलं नाही, आणि काही घडलं नाही म्हणून कष्टच खोटे ठरले. अशा वेळी माणूस काय दाखवणार? न पडलेली विमानं? त्याला त्या दिवशी समजून घेणारी घरात एकच व्यक्ती होती. आत्याने त्याच्यापुढे गरम उपमा ठेवला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “जाऊ दे रे. माझं हे वर्षानुवर्षं चाललंय.”

यज्ञातलं तूप आणि वायटूकेचे कष्ट एका पारड्यात घालायचे नाहीत, एवढी अक्कल मला आहे. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, ही खरी पंचाईत. काळजीवाहू माणसाचा हिशेब कधीच तपासता येत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. हल्ली या खात्याने इशाऱ्यांना रंग दिले आहेत: हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आत्याकडे हिरवा रंग नाही. ती पूर्वीपासून थेट नारिंगीपासून सुरुवात करते. २६ जुलै २००५ ला दुपारी तिने फोर्टातल्या ऑफिसात माझ्या वडिलांना फोन केला, “लक्षण ठीक दिसत नाही, आत्ताच नीघ.” वडिलांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. नेहमीचा पाऊस. त्या दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ९४४. वडील दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गुडघ्यापर्यंत चिखलात, चप्पल हातात घेऊन घरी आले. आत्याचं म्हणणं खरं ठरलं. पण न्यायाने सांगायचं तर असा फोन ती दर जुलैत, आठवड्यातून दोनदा करायची. रोज वाजणाऱ्या भोंग्याने कोण उठतं?

आणि जे येतं ते बहुतेक वेळा यादीत नसतंच. आत्याच्या यादीत बिबट्या होता (डोंबिवलीत), सिलिंडरचा स्फोट होता, लिफ्टमध्ये अडकणं होतं, परदेशात गेलेल्या पुतण्याने तिकडचीच करणं होतं. चीनमधल्या एका शहरातून निघालेला विषाणू नव्हता. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि आमच्या सोसायटीतली एरवी ‘चिल’ म्हणणारी मंडळी वाण्याच्या दुकानावर तुटून पडली. कोणी दहा किलो बटाटे आणले, कोणी मैदा, एकाने घाईघाईत नुसत्याच कॉर्नफ्लेक्सच्या पेट्या उचलल्या, दुधाचं काय करायचं ते न ठरवता. आत्या गॅलरीतून बघत होती. तिच्याकडे वरच्या फळीवर कुरडया, सांडगे, तीन तऱ्हांचे पापड, कोकम, भाजणी, मेतकूट, सगळं ओळीने लावलेलं. पावसाळ्याची बेगमी ती दर उन्हाळ्यात करते. आम्ही दर उन्हाळ्यात हसतो. त्या वेळी मागच्या वर्षीची अजून संपली नव्हती. आम्ही कोणी हसलो नाही. सुतळीसुद्धा लागली. खालून दूध-भाजी वर घ्यायला पिशवी सोडायची होती.

मला वाटलं होतं, आत्या या दिवसांत पार कोलमडेल. झालं उलटंच. सगळं घर टीव्हीपुढे आकडे बघत बसलेलं, आतोबासुद्धा पहिल्यांदाच अस्वस्थ, आणि ही शांतपणे पदर खोचून ताक घुसळते आहे. न राहवून मी विचारलं. ती म्हणाली, “इतकी वर्षं मी एकटीच करत होते. आता तुम्ही सगळेच करताय, तर मी जरा पडते.” आणि खरंच पडली. दुपारी चार वाजेपर्यंत घोरत होती.

तिच्या काळजीत ती स्वतः कधी नसते, हे मात्र मी खात्रीने सांगतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती भाजी आणायला निघाल्यासारखी गेली. घरी दूध कोण घेणार, आतोबा गोळी विसरतील, कामवाल्या मावशींना दार कोण उघडणार, एवढेच तिचे प्रश्न. टेबलावर झोपवल्यावर, डोळ्यात थेंब घातल्यावर, तिने डॉक्टरांना विचारलं, “सकाळपासून काही खाल्लंत का?” डॉक्टर गडबडले. खाल्लं नव्हतं. ऑपरेशन पाच मिनिटं उशिरा सुरू झालं, त्या पाच मिनिटांत डॉक्टरांनी बाहेर जाऊन बिस्किटं खाल्ली.

आतोबांविषयी लोक म्हणतात, काय शांत माणूस! कधी कपाळाला आठी नाही. असेलच कशी? त्यांच्या वाट्याची पण तीच करते. अशा घरातल्या स्थितप्रज्ञांची मला तरी फारशी मातब्बरी वाटत नाही. ‘होईल काहीतरी’ असं म्हणून कुशीवर वळणाऱ्या माणसाच्या शेजारी बहुधा कोणीतरी जागं असतं.

फोन सोपे झाल्याने हे जागणं कमी होईल असं वाटलं होतं. पूर्वी गावाला जाणाऱ्याच्या बॅगेत आत्या पोस्टकार्ड घालायची. पत्ता तिच्या अक्षरात, मजकूरही तिच्याच अक्षरात: ‘सुखरूप पोचलो. काळजी नसावी.’ फक्त तारीख घालून पेटीत टाकायचं. कार्ड यायला चार-पाच दिवस लागायचे, तेवढे दिवस काळजी, मग सुटका. आता नातवाने तिला गाडीचं लाइव्ह लोकेशन बघायला शिकवलं आहे. त्यामुळे काळजी दर मिनिटाला ताजी मिळते. परवा तो पुण्याला निघाला. निळा ठिपका लोणावळ्याला थांबला. आत्या ताठ झाली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं, ठिपका हलेना. तिने फोन केला. त्याने तोंडात घास असल्यामुळे घेतला नाही. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या चार मित्रांना, एका मित्राच्या आईला आणि लोणावळ्यात राहणाऱ्या माझ्या चुलत सासऱ्यांना फोन गेले. सासरे स्कूटरवर निघालेही होते. वडापाव संपला आणि ठिपका हलला.

तुमच्याही घरी असं कोणी असेलच. तेव्हा पोचल्यावर आधी फोन करा, चहा नंतर प्या. आणि विसरलातच, तर उगाच ‘रेंज नव्हती’ म्हणून सांगू नका. त्या भागात कोणत्या कंपनीचा टॉवर आहे, याची चौकशी त्यांनी तुम्ही निघायच्या आधीच करून ठेवलेली असते.